'ला… ला…' म्हणून सासरे थांबतात तेव्हा

ताई, नमस्कार.

मी मूळची सांगलीची. नऊ वर्षांपूर्वी लग्न करून इटलीत, व्हिचेन्झाजवळच्या एका गावात आले. सासरे ७१ वर्षांचे, उभा जन्म सुतारकामात गेला. सात महिन्यांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात अजून लुळा आहे, पण चालतात. पहिले दोन महिने तोंडून शब्द नव्हता. आता बोलतात, पण कसं? 'ईओ… बार… आन्दारे… काफे… आमीको.' म्हणजे 'मी… बार… जाणे… कॉफी… मित्र.' (कॉफीच्या दुकानाला इथे बार म्हणतात.) गाडी बंद पडली तर 'माक्किना रोत्तो' म्हणाले, म्हणजे 'गाडी बिघडला'. बरोबर रूप 'रोत्ता'. माझा पाच वर्षांचा मुलगा लगेच ओरडतो, 'रोत्ता, नोन्नो, रोत्ता!' आणि आजोबा गप्प होतात. एखाद्या वस्तूचं नाव आठवलं नाही की 'ला… ला… ला…' करत बसतात. गंमत म्हणजे हातातून पेला निसटला की 'पोर्का मिझेरिया' ही शिवी मात्र अख्खी, अस्खलित निघते.

सासूबाई त्यांच्याशी 'तू मान्जारे? तू दोर्मीरे?' असं बोलतात, 'तू खाणे? तू झोपणे?' त्या दोघांनी आयुष्यभर घरात इथली व्हेनेतो बोली बोलली. आता सासूबाई बोलीत विचारतात आणि सासरे इटालियनमध्ये उत्तर देतात. त्यावरून त्या रडतात. म्हणतात, पन्नास वर्षांचा संसार केला आणि आता मी त्याला परकी झाले.

परवा नवरा त्यांना म्हणाला, 'ला माम्मा ए स्ताता क्यामाता दाल दोत्तोरे.' आई डॉक्टरांकडून बोलावली गेलीय, अशा वळणाचं वाक्य. सासरे उठले आणि दारात खुर्ची टाकून डॉक्टरांची वाट बघत बसले. तेव्हापासून घरात कुजबुज आहे की यांची समजच गेली. खरंच गेली का? आणि माझं इटालियन अजून चुकतं. मी त्यांच्याशी बोलत राहिले तर त्यांचं आणखी बिघडेल का?

— व्हिचेन्झाची सून

*

सूनबाई,

समज गेलेली नाही. एवढं वाक्य आधी इटालियनमध्ये करून सासूबाईंना सांगा, मग पुढचं वाचा.

पत्रावरून निदान करू नये, हे स्पीच थेरपीच्या कामात मी फार लवकर शिकले. पण तुम्ही जे प्रसंग लिहिलेत, त्यातच बरंचसं उत्तर आहे. दारातली खुर्चीच घ्या. सासऱ्यांना 'आई' कळली, 'डॉक्टर' कळले, बोलावणं झालंय हे कळलं, आणि बोलावलं की माणूस येतो हेही कळलं. त्यांनी डॉक्टरांसाठी दार अडवून ठेवलं नाही की अंथरूण घातलं नाही, अगदी रीतसर वाट बघितली. चुकलं एवढंच, की कोणी कोणाला बोलावलं. समज गेलेला माणूस अशी नेमकी एकच चूक करत नाही.

त्यांना झालंय त्याला आपण वाचाघात म्हणतो. बहुतेक उजव्या हाताच्या माणसांमध्ये भाषेचं काम मेंदूच्या डाव्या अर्ध्यात चालतं, आणि शरीराची उजवी बाजूही तोच अर्धा सांभाळतो. म्हणून उजवा हात आणि बोलणं अशी दोन दुखणी एकदम आली. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत मांडली. तो फक्त 'तां' एवढंच म्हणायचा, पण त्याला समोरच्याचं बरंच कळायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात. तिथपासून आजतागायत या विषयावर डोंगराएवढं लिहिलं गेलंय. तुमच्या घराच्या दृष्टीने त्यातला एक धागा फार कामाचा आहे: भाषा मोडते तीसुद्धा त्या-त्या भाषेच्या नियमानं मोडते. इटालियन माणसाचं इटालियन इटालियनसारखंच मोडतं.

'आन्दारे' घ्या. तुमचे सासरे इंग्रजी बोलणारे असते, तर त्यांनी 'वॉक्ड'चं शेपूट गाळून नुसतं 'वॉक' म्हटलं असतं. इंग्रजीत शेपूट गाळलं तरी मागे चालणारा शब्द उरतो. इटालियनमध्ये ती सोय नाही. 'रोत्ता'मधला शेवटचा 'आ' काढून बघा. 'रोत्त्' उरतं, आणि असा शब्द कुठल्याही इटालियन जिभेवर नसतो. आपल्याकडेही तसंच आहे. 'चांगला, चांगली, चांगले' यातलं शेवटचं अक्षर सोलून काढलं तर हातात 'चांगल्' राहतं, आणि ते कोणी बोलत नाही. म्हणजे इटालियन माणसाला शेवट गाळता येतच नाही. कोणतातरी शेवट लावावाच लागतो, आणि नेमका तो सापडत नसला की त्यातल्या त्यात जवळचा हाताला लागतो. क्रियापदाच्या बाबतीत तो बहुधा 'आन्दारे', 'मान्जारे' असा मूळ रूपाचा असतो, आणि विशेषणाच्या बाबतीत पुल्लिंगी एकवचनाचा. तुमच्या गाडीचं 'रोत्तो' झालं ते असं.

हे मी तर्कानं जुळवत नाहीये. रोमचे गाब्रिएले मिचेली आणि अमेरिकेतले अल्फोन्सो कारामात्सा यांनी १९८८ साली अशाच एका इटालियन रुग्णाचा अभ्यास छापला. त्याची विशेषणं चुकली की बहुतेकदा पुल्लिंगी एकवचनात जाऊन बसायची आणि क्रियापदं मूळ रूपात. पण एका शब्दापासून दुसरा शब्द घडवणारे प्रत्यय त्याच्याकडे जवळजवळ शाबूत होते. म्हणजे शब्दांचं कोठार ठीक होतं. वाक्यात शब्द एकमेकांशी जुळवून घ्यायला जी रूपं लागतात, तेवढीच निसटत होती. त्याच्या चार वर्षं आधी, १९८४ मध्ये, योसेफ ग्रोड्झिन्स्की यांनी हिब्रूवरून हाच मुद्दा लावून धरला होता. हिब्रूत रूपं स्वरांनी बदलतात. स्वर गाळले तर उच्चारताच येणार नाही अशी व्यंजनं उरतात. म्हणून तिथले रुग्ण रूप गाळत नाहीत, चुकीचं लावतात.

आता सासऱ्यांचं ते 'ईओ, बार, आन्दारे' पुन्हा ऐका. इटालियनमध्ये 'मी' न म्हणताही चालतं. 'वादो' म्हटलं की 'मी जातो' झालं, कर्ता क्रियापदाच्या शेवटात बसलेला असतो, आपल्या 'जातो'सारखा. 'आन्दारे'त तो नाही. म्हणून एरवी गाळला असता तो 'ईओ' त्यांनी मुद्दाम पुढे आणून ठेवलाय. शेवटानं जे सांगता आलं नाही ते वेगळा शब्द लावून सांगितलं. सुतार माणूस, खुंटी बसली नाही तर पाचर ठोकून काम भागवणारच.

'पोर्का मिझेरिया'चं म्हणाल तर त्यात विशेषण आणि नाम दोन्ही स्त्रीलिंगी, जोड अगदी बिनचूक. पण ती जोड ते त्या क्षणी लावत नाहीत. शिव्या, आकडे, प्रार्थना, वारांची नावं ही एकसंध बाहेर पडतात, जुळवावी लागत नाहीत. त्यावरून 'मनात आलं तर येतं की बोलता' असा निष्कर्ष कोणी काढत असेल तर त्याला थांबवा. हा आरोप मी फार घरांमध्ये ऐकलाय.

तुमच्या मुलाचं काय करायचं? रागवू नका, पाच वर्षांचं पोर आहे, आणि त्या वयात दुसऱ्याची चूक सापडण्यासारखा आनंद नाही. पण 'रोत्ता, रोत्ता' थांबायला हवं. आजोबांना नियम माहीत नाही असं नाही, सुधारून सांगितल्यानं त्यांना नवं काही मिळत नाही, फक्त पुढचं वाक्य तोंडातच मरतं. त्याऐवजी त्याला शिकवा की आजोबा 'माक्किना रोत्तो' म्हणाले की आपण म्हणायचं, 'हो ना, ला माक्किना ए रोत्ता! आता काय करायचं?' बरोबर रूप त्यांच्या कानावर पडतं आणि गप्पाही पुढे जातात. पोराला हे दोन दिवसांत जमेल. मोठ्यांना वेळ लागतो.

आता 'ला… ला… ला…' पत्रातला हा भाग वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. तुम्हाला ती नुसती अडखळ वाटली असेल. पण 'ला' हे स्त्रीलिंगी नामापुढचं उपपद आहे, इंग्रजीतल्या 'द'सारखं. पुल्लिंगाला 'इल' किंवा 'लो'.

१९९५ साली विल्यम बेडेकर, मिकेले मिओत्सो आणि राफाएल्ला झानुत्तीनी यांनी एका तरुण इटालियन रुग्णाबद्दल लिहिलं. लेखात त्याला 'दान्ते' असं टोपणनाव दिलंय. मेंदूच्या आजारानंतर त्याला वस्तूंची नावं सापडेनाशी झाली. चित्र दाखवलं तर वस्तू काय, कशाला वापरतात ते कळायचं, पण नाव नाही. पहिलं अक्षर विचारलं, शब्द लांब की आखूड विचारलं, तरी नुसता अंदाज. मग विचारलं, शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? इथे मात्र तो जवळपास दर वेळी बरोबर! तुम्ही म्हणाल, 'ओ'नं संपणारे पुल्लिंगी, 'आ'नं संपणारे स्त्रीलिंगी, शेवट आठवला असेल. पण 'क्यावे' म्हणजे किल्ली आणि 'पाने' म्हणजे पाव हे दोन्ही 'ए'नं संपतात. पहिली स्त्रीलिंगी, दुसरा पुल्लिंगी. अशा शब्दांतही त्याला लिंग सांगता यायचं. म्हणजे शब्दाचा आवाज हरवला तरी त्याचं व्याकरण वेगळ्या कप्प्यात सुरक्षित होतं.

मला स्वतःला त्याच्या क्रियापदांची गोष्ट त्याहून आवडते. इटालियनमध्ये भूतकाळ करताना काही क्रियापदांना 'असणे' लागतं आणि काहींना 'जवळ असणे'. तुम्ही हे शिकताना डोकं धरलं असेल. पण 'सोनो आन्दातो', आणि बाई बोलत असेल तर 'सोनो आन्दाता', हे आपल्या 'मी गेलो' आणि 'मी गेले'च्या किती जवळ आहे बघा. 'खाल्लं'चा कारभार दोन्हीकडे वेगळा. दान्तेला क्रियापद सांगता आलं नाही, तरी त्याला यातलं कोणतं सहायक लागेल हे तो सांगू शकायचा. धडधाकट इटालियन माणसांचंही असंच होतं. शब्द जिभेवर येऊन अडला की त्याचं लिंग पुष्कळदा आठवत असतं. १९९७ साली गाब्रिएल्ला व्हिल्योक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं.

सगळे रुग्ण दान्तेसारखे नसतात. दान्तेची वाक्यं नीट होती, नावं गेली होती. सासऱ्यांचं बरंचसं उलट आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सासरे चुकतात तेव्हा पुल्लिंगाकडे घसरतात. मग नुसती अडखळ असती तर 'इल… इल…' यायला हवं होतं. 'ला' येतंय, म्हणजे ती माहिती असण्याची शक्यता बरीच आहे. तर असं करा. जेवताना ते 'ला… ला…' म्हणून थांबले की नजर आधी स्त्रीलिंगी वस्तूंवर फिरवा. 'फोर्केत्ता' म्हणजे काटा असू शकतो, 'कोल्तेल्लो' म्हणजे सुरी नाही, 'कुक्यायो' म्हणजे चमचाही नाही. दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. मग शब्द सांगू नका, पहिला आवाज द्या: 'ला फो…' पुढचं त्यांना पूर्ण करू द्या. शेजारी एक वही ठेवा. ते कोणतं उपपद म्हणाले आणि वस्तू शेवटी कोणती निघाली, एवढंच लिहा. दोन आठवड्यांत तुम्हालाच दिसेल की त्यांच्या 'ला'वर विसंबता येतं का.

दारातल्या खुर्चीकडे परत येते. 'आई डॉक्टरांकडून बोलावली गेली' या वाक्यात जी व्यक्ती आधी येते ती करणारी नाही, आणि हे सांगायचं काम करतात ते 'ए स्ताता', 'दाल' असे चिमुकले शब्द आणि 'क्यामाता'चा शेवटचा 'आ'. नेमके हेच तुकडे सासऱ्यांना पकडायला जड जातात. मग मेंदू साधा हिशेब करतो, की आधी आली ती करणारी. १९७६ मध्ये कारामात्सा आणि एडगर झुरिफ यांनी इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांवर केलेला प्रयोग या विषयात सगळ्यांना तोंडपाठ असतो. 'मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे' हे रुग्णांना कळायचं. 'वाघ पाठलाग करतोय तो सिंह लठ्ठ आहे' इथे गाडी अडायची. सफरचंद मुलाला खात नाही, म्हणून पहिलं वाक्य व्याकरणाशिवायही सुटतं. वाघ-सिंहाचं दोन्हीकडून होऊ शकतं, तिथे व्याकरणच लागतं.

तुमच्या घरात घोटाळा इथेच होतो. 'जेवणानंतर गोळी घ्या' हे त्यांना बिनचूक कळत असणार, कारण गोळी माणसाला घेत नाही. म्हणून नव्वद वाक्यं कळतात, दहा कळत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं की मनाला येईल तेव्हा समजून घेतात. ज्या वाक्यात दोन्हीकडे माणसं आहेत तिथे सावध राहा. 'इल दोत्तोरे आ क्यामातो ला माम्मा', डॉक्टरांनी आईला बोलावलं. करणारा आधी, क्रिया मग, आणि शेवटी ज्याच्यावर झाली तो. इटालियन माणसं सहज बोलताना कर्ता मागे टाकतात. 'ल'आ क्यामाता लूका' म्हणजे 'तिला बोलावलं, लूकानं'. यात 'तिला' हे कळायला एका 'आ'चा आधार, जसा आपल्याला 'त्याने पोळी खाल्ली' आणि 'त्याने आंबा खाल्ला' यातल्या शेवटावरून कळतो. निरोगी इटालियन कान अशा जुळणीवर शब्दक्रमापेक्षा जास्त भरवसा टाकतात. एलिझाबेथ बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात इंग्रजी, इटालियन आणि जर्मन रुग्णांची तुलना केली, तेव्हा हा भरवसा वाचाघातानंतर उणावलेला दिसला, पण संपलेला नव्हता. शब्दक्रम तर तिन्ही भाषांच्या रुग्णांनी आपापला सांभाळला होता. आणि इटालियन रुग्णांनी उपपदं इंग्रजी रुग्णांपेक्षा जास्त टिकवली होती. इंग्रजीत एकच 'द' सगळ्यांना लागतो, त्यातून फारसं काही कळत नाही. इटालियनमध्ये उपपदावर लिंग-वचनाचा भार असतो, म्हणून ते इतक्या सहजी सुटत नाही.

रूपं मोडली म्हणजे समजही तेवढीच मोडली असेल, असं धरून चालू नका. १९८३ मध्ये मिचेली, आन्ना मात्सुक्की, लीज मेन आणि हॅरोल्ड गुडग्लास यांनी दोन इटालियन रुग्ण मांडले, दोघांचं बोलणं तुटक, पण वाक्य समजण्यात अडचण नाही. १९८९ मध्ये मिचेलींच्याच गटानं वीस रुग्ण शेजारी-शेजारी ठेवले, तर प्रत्येकाच्या चुकांचा नकाशा वेगळा. म्हणून तिथल्या लोगोपेदिस्तांना, म्हणजे स्पीच थेरपिस्टना, सरळ विचारा की बोलण्याची आणि समजण्याची तपासणी वेगवेगळी केली का. 'टोकन टेस्ट' बहुधा झाली असेल. पाच रंगांच्या, दोन आकारांच्या वीस लहान-मोठ्या चकत्या आणि चौकोन मांडून 'लाल गोल उचला'पासून अवघड सूचनांपर्यंत जातात ती. ती तुमच्याच मुलखातली. एन्नियो दे रेन्झी आणि लुईजी विन्योलो यांनी १९६२ साली छापली आणि आज जगभर वापरतात. तिचा निकाल मागून घ्या आणि कोणत्या टप्प्याला सासरे अडले ते समजून घ्या. एकूण गुणांपेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

सासूबाईंबद्दल थोडं कडक लिहिते. 'तू मान्जारे?' बंद करा. त्यामागे माया आहे, पण ही इटालियन माणसं नवख्या परदेशी माणसाशी बोलतात ती तऱ्हा आहे. पहिल्या वर्षी बाजारात तुमच्याशीही कोणी अशी बोलली असेल, आणि कसं वाटलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. मोडकं वाक्य सोपं नसतं. 'मान्जारे'तून सासऱ्यांना कोण, कधी, काहीच कळत नाही, 'मान्जी?' म्हटलं तर शेवटातच 'तू' आहे. उपपदं, शेवट, सगळं लावायचं, वाक्य मात्र लहान ठेवायचं, एका वाक्यात एक गोष्ट, टीव्ही बंद, तोंडासमोर बसून, आणि नेहमीच्या मोठ्या माणसाच्या स्वरात.

बोलीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. यावर सासूबाईंना सांगायला माझ्याकडे त्यांच्या शेजारच्याच शहरातली गोष्ट आहे. व्हेरोना. साल्वातोरे आलियोती आणि फ्रांको फाब्रो यांनी १९९३ मध्ये तिथल्या एका बाईंची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष्यभर व्हेरोनाची बोली बोलल्या. इटालियन त्या वर्षाकाठी दोन-तीनदा बोलत असतील नसतील. मेंदूच्या डाव्या बाजूला, खोल गाभ्यातल्या भागाला इजा झाली आणि त्या इटालियनच बोलू लागल्या. घरची बोली तोंडून येईना, कळत मात्र होती. सगळ्यांना वाटायचं की जी भाषा आधी आणि जास्त, ती शेवटपर्यंत टिकणार. इथे नेमकं उलटं झालं. एक तर्क असा की रोज न विचार करता बोललेली भाषा मेंदूच्या वेगळ्या, सवयीच्या यंत्रणेवर चालते, आणि शाळेत मेहनतीनं शिकलेली वेगळ्या. सवयीची यंत्रणा दुखावली तर मायबोलीच आधी जाते. सासऱ्यांचं नेमकं हेच झालंय असं मी म्हणणार नाही, त्यांची इजा कुठे आहे ते स्कॅनवर दिसेल. पण नवरा बोलीत उत्तर देत नाही यात बायकोला परकं करण्याचा काडीचा संबंध नाही. व्हेरोनाच्या त्या बाईंना तर स्वतःच्या तोंडून परकी भाषा ऐकावी लागत होती.

मग सासूबाईंनी काय करावं? बोली सोडू नये. त्यांनी बोलीत बोलावं, सासऱ्यांनी इटालियनमध्ये उत्तर द्यावं, तसंच चालू द्यावं. 'आपल्या भाषेत बोल ना' असा आग्रह मात्र नको. लोगोपेदिस्तांना सांगा की घरची भाषा व्हेनेतो आहे, कारण तपासणी फक्त इटालियनमध्ये झाली असेल तर अर्धंच चित्र मिळालंय. त्यातून तुमच्याकडच्या बोलीत 'तो खातो' म्हणताना 'एल मान्या' असं क्रियापदाआधी 'एल' लागतंच, इटालियनमध्ये 'मान्जा' एकटं पुरतं. त्यामुळे बोलीतली मोडतोड इटालियनपेक्षा वेगळी दिसेल. 'एल' गळलेलं ऐकून घाबरू नका.

सात महिने झाले, आता काही होत नाही, असं कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. पहिल्या महिन्यांत सुधारणा झपाट्यानं होते आणि पुढे मंदावते, पण थांबते असं नाही. मिलानमध्ये आन्ना बास्सो, एर्मिनियो कापितानी आणि विन्योलो यांनी १९७९ मध्ये २८१ रुग्णांचा अभ्यास छापला. आठवड्याला अनेक बैठका अशी कित्येक महिने ज्यांना थेरपी मिळाली, ते न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त सुधारले. न मिळालेल्यांपैकी पुष्कळांची अडचण फक्त घरची किंवा ये-जा करण्याची होती. म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास यावर समाधान मानू नका, जास्त मागा. इटलीत वाचाघाताच्या रुग्णांच्या आणि कुटुंबांच्या संघटना आहेत, त्यांचं 'आइटा' नावाचं जाळं आहे. तुमच्या भागातल्या गटाची चौकशी करा. सासऱ्यांपेक्षा सासूबाईंना त्याची जास्त गरज दिसते. एक सूचना मात्र राहिली: बोलणं अचानक आणखी बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात गळाला, तर वाट न बघता ११२ फिरवा.

राहिलं तुमचं इटालियन. तुम्ही सावकाश बोलता, लहान वाक्यं करता, कर्ता आधी टाकता, शब्द अडला तर न लाजता हातानं दाखवता. मी तिथे असते तर घरच्या बाकीच्यांना तुमच्याकडे शिकायला बसवलं असतं. तुमच्या चुकांमुळे त्यांचं काही बिघडत नाही. उलट त्या घरात शब्द शोधताना अडखळणारं आणखी कोणीतरी आहे, याचा त्यांना आधार वाटत असेल, निदान मला तरी वाटला असता. रोज वीस मिनिटं त्यांच्या कामाच्या खोलीत बसा. हत्यारं हातात घेऊन नावं विचारा. तुम्हाला ती खरंच माहीत नसतील, त्यामुळे प्रश्न खोटा वाटणार नाही. 'ला सेगा' म्हणजे करवत, 'इल मार्तेल्लो' म्हणजे हातोडा, 'ला पियाल्ला' म्हणजे रंधा. तुमचा 'इल' किंवा 'ला' चुकला, तर ते सुधारतात का ते बघा.

आणि ती वही नक्की ठेवा. पहिली दोन पानं भरली की मला पाठवा, त्यांचं 'ला' किती वेळा बरोबर निघालं ते मला पाहायचंय.

— तुमची ताई